सूर्याचा फोटो, शेजाऱ्याचा फोटो



आपल्या युवक मंडळातले दोघे-तिघे गेल्या महिन्यात मला भेटायला आले. धर्मग्रामाच्या सणानिमित्त हौशी मंडळींसाठी फोटोंची स्पर्धा ठेवायची, मोबाइल चालेल, कॅमेराही चालेल, असा त्यांचा बेत होता. "फादर, विषय तुम्ही द्या," ते म्हणाले. मला फोटोग्राफीचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होते. मी चटकन म्हटले, "सूर्य ठेवा. आपल्याला किनारा आहे, रोजचा सूर्यास्त फुकट आहे." त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सगळे सूर्यास्तच आणतील, फादर. माणसांवर काहीतरी द्या ना." शेवटी दोन विषय ठरले: 'सूर्य' आणि 'शेजारी'.

ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. मागे माझ्या हातून एक फोटो निघाला होता, त्याची आठवण झाली. आणि वाटले, हे दोन विषय वाटतात तेवढे वेगळे नाहीत. सूर्याचा फोटो कसा काढावा याचा जो नियम आहे, तोच माणसाचा फोटो काढतानाही पाळला असता, तर माझी ती चूक टळली असती.

आधी सूर्याबद्दल. किनाऱ्यावर उभे राहून मावळत्या सूर्याचा फोटो आपण सगळ्यांनी काढला आहे आणि घरी येऊन निराशही झालो आहोत. डोळ्यांना केवढा मोठा दिसला होता, फोटोत मात्र टिकलीएवढाही नाही! यात मोबाइलचा दोष नाही. आकाशात सूर्याचा व्यास जेमतेम अर्धा अंश भरतो. कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटरचे असेल, तर आत पडणारे सूर्याचे चित्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. मोठा सूर्य हवा म्हणून हौशी फोटोग्राफर लांब पल्ल्याचे भिंग घेतो. धोका तिथून सुरू होतो. भिंग जे करते ते लहानपणी आपण सर्वांनी करून पाहिले आहे: काचेने ऊन एका ठिकाणी गोळा करून वाळके पान पेटवले आहे. तेच काम कॅमेऱ्याचे भिंग करते, फक्त पानाच्या जागी डोळा असतो.

२४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी सूर्यग्रहण होते. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास दिसले, आपल्याकडे खंडग्रास. मी तेव्हा शाळेत होतो. दिवाळीची सुट्टी होती, आळीतली सगळी मुले अंगणात जमलो होतो. आमच्यातल्या एका मोठ्या मुलाकडे त्याच्या मामाने आखातातून आणलेला कॅमेरा होता, चांगल्या लांब भिंगाचा. त्याने डोळा आणि कॅमेऱ्याची खिडकी यांच्यामध्ये एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा धरला आणि सूर्याकडे पाहिले. आम्ही हेव्याने त्याच्याकडे पाहत होतो. त्याला काहीही झाले नाही. दुखले नाही, पाणी आले नाही. संध्याकाळी पुस्तक उघडल्यावर तो म्हणाला, "पानाच्या मधोमध एक डाग दिसतोय." पुढे काही महिन्यांत तो डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही.

त्याने केलेल्या चुका दोन. पहिली, एक्स-रेची फिल्म सूर्यासाठी सुरक्षित नसतेच. दुसरी चूक माझ्या दृष्टीने अधिक शिकवणारी आहे: त्याने फिल्टर चुकीच्या जागी धरला. सूर्याचा फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढे लावायचा असतो, सूर्य आणि भिंग यांच्यामध्ये. भिंगाच्या मागे, डोळ्यापाशी लावलेला फिल्टर गोळा झालेल्या उष्णतेने तडकू शकतो, जळू शकतो. तोपर्यंत ऊन आत आलेले असते. चांगला सौर फिल्टर सूर्याच्या प्रकाशाचा साधारण लाखावा भाग तेवढा आत सोडतो, बाकी सगळा दारातच परतवतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या देशाने 'आदित्य-एल१' हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी पाठवले. त्यातली 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. तिच्याही तोंडाशीच फिल्टर बसवलेला आहे. एवढे मोठे यंत्र, पण नियम तोच.

आणि ते न दुखणे! डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी ओरडत नाही. इजा झाली हे काही तासांनी कळते, तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोच्या 'फीडो' या संवादात मला हाच सूर्य पुन्हा भेटला. मृत्यूच्या दिवशी सॉक्रेटिस मित्रांशी बोलत असतो. तो म्हणतो, ग्रहणातल्या सूर्याकडे थेट पाहणारे काही लोक डोळे गमावून बसतात; पाण्यातले त्याचे प्रतिबिंब पाहिले तर वाचतात. तसे आपले होऊ नये म्हणून त्याने वस्तूंकडे थेट रोखून पाहणे सोडले आणि विचारांच्या आधाराने सत्य शोधायचे ठरवले. (आजचे जाणकार पाण्यातले प्रतिबिंबही सुरक्षित मानत नाहीत, तेव्हा बावखलात डोकावून ग्रहण पाहू नका. झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडलेल्या चंद्रकोरी पाहा, त्या निर्धोक आहेत.) सॉक्रेटिसचा मुद्दा मला असा समजला: पाहण्याची इच्छा चांगलीच आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. जे पाहायचे आहे त्याला साजेशी पाहण्याची रीत आधी शोधावी लागते.

म्हणजे पाहूच नये का? तसे मुळीच नाही. कॅमेऱ्याने माणसाला सत्य दाखवले आहे. पूर्वी खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राच्या कडेला लालसर ज्वाळा दिसत. त्या सूर्याच्या, चंद्राच्या, की नुसता दृष्टिभ्रम, यावर विद्वानांत वाद होता. १८ जुलै १८६० च्या ग्रहणात स्पेनमध्ये दोघांनी शेकडो किलोमीटर अंतरावरून त्यांचे फोटो घेतले. एक होते लंडनचे वॉरन द ला रू, धंदा कागदाचा आणि छपाईचा, खगोलशास्त्र ही हौस. दुसरे फादर आंजेलो सेक्की, रोमच्या वेधशाळेचे येशूसंघीय धर्मगुरू. दोघांचे फोटो ताडून पाहिल्यावर ज्वाळांचे आकार जुळले, आणि त्या सूर्याच्याच आहेत हे ठरले. दोन साक्षीदारांची साक्ष जुळावी तसे हे झाले. इंग्रजीत हौशी माणसाला 'ॲमेच्युअर' म्हणतात. तो शब्द 'प्रेम करणे' या अर्थाच्या लॅटिन 'अमारे'पासून आला आहे. म्हणजे हौशी फोटोग्राफर हा मुळात प्रेमापोटी पाहणारा. माझ्या चुकीच्या वेळी हे प्रेमच कमी पडले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. एका तरुण मुलाचा अंत्यविधी होता. मिस्सा संपली होती. शवपेटी उचलण्यासाठी माणसे बाहेर जमत होती, आणि मिनिटभर त्या मुलाची आई शवपेटीपाशी एकटीच राहिली. तिने झाकणावर हात ठेवला आणि मान वर करून वेदीकडे पाहिले. खिडकीतून दुपारचे ऊन तिच्या चेहऱ्यावर पडले होते. मी साक्रिस्तीच्या दारात होतो. सकाळच्या बाप्तिस्म्याचा कॅमेरा तिथेच टेबलावर होता. मी तो उचलला आणि एकदाच बटण दाबले. तिला आवाजही गेला नाही.

फोटो उत्तम आला होता. खोटे कशाला बोलू, माझ्या हातून तसा पुन्हा आलेला नाही. सहा महिन्यांनी सणाच्या दिवशी सभागृहात फोटोंचे प्रदर्शन होते. मी तो मोठा करून लावला आणि खाली शीर्षक लिहिले: 'श्रद्धा'. लोकांनी कौतुक केले. ती आई सभागृहाच्या दारापर्यंत आली, आत न येता परत गेली. कोणीतरी मला ते सांगितले. मी त्याच संध्याकाळी फोटो उतरवला आणि कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकला. मला वाटले, झाले, चूक निस्तरली.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. मावशी रागावल्या नाहीत. चहा ठेवला. मग म्हणाल्या, "फादर, तेव्हा मला वाटलं होतं, कोणी बघत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि तुम्ही लिहिलंत श्रद्धा. मी तर देवाशी भांडत होते."

देवाशी भांडणे हीसुद्धा श्रद्धाच आहे, असे मला प्रवचनात सांगता आले असते. त्या स्वयंपाकघरात ते माझ्याने सांगवले नाही.

मी फोटो पुसला होता, पण तो फिल्टर डोळ्यापाशी धरलेला होता. ऊन आत आले होते. लोकांनी पाहिले ते पाहिले. फोटो पुसता येतो, पाहिलेले पुसता येत नाही. आणि सूर्याच्या इजेसारखेच इथेही कोणी ओरडले नव्हते. मला काही दुखले नाही, म्हणून मी समजलो की काही बिघडले नाही. कांट या तत्त्वज्ञाचे म्हणणे आम्ही सेमिनरीत पाठ केले होते: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. पण त्या दुपारी एका आईचे दुःख माझ्या चांगल्या फोटोचे साधन झाले.

कोणी म्हणेल, "फादर, तुम्ही फारच मनाला लावून घेता. दुःखाचे फोटो काढलेच नसते, तर युद्धे, दंगली, दुष्काळ जगाला कळले असते का?" आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळत नाही. अन्यायाची साक्ष देणारा फोटो काढलाच पाहिजे. पण साक्षीदार ज्याच्यासाठी साक्ष देतो, त्याच्या बाजूने उभा असतो. महामार्गावर अपघात झाल्यावर आधी मोबाइल काढणारा हात कोणाच्या बाजूने असतो? जखमी माणसाच्या घरी बातमी पोचण्याआधी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो, तेव्हा ती साक्ष असते का? बटण दाबण्याआधी स्वतःला एवढेच विचारायचे: हा फोटो त्या माणसाच्या उपयोगाचा आहे की माझ्या? उत्तर बोचले, तर कॅमेरा खाली. हाच भिंगाच्या पुढचा फिल्टर. असे करताना काही फार चांगले फोटो हातचे जातील. जाऊ द्या.

उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाची एक गोष्ट आहे, ती आपण मुलांना सहसा सांगत नाही. द्राक्षारस पिऊन नोहा आपल्या तंबूत उघडा पडला होता. एका मुलाने पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. दुसरे दोघे खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. त्यांनी पाहिले नाही. पाहता आले असते, तरीही तोंड फिरवले. कधी कधी न पाहणे हीच माया असते.

ही गोष्ट मी दुःखावर संपवत नाही, कारण ती तशी संपली नाही. दोनेक वर्षांनी मावशी स्वतःच माझ्याकडे आल्या. "फादर, तुमच्याकडे कॅमेरा आहे ना? बँकेत द्यायला माझा एक फोटो हवाय. गावातला फोटोवाला आज बंद आहे." मी त्यांना ओसरीवर खुर्ची दिली. त्यांनी पदर सारखा केला, केस चापले, आणि थेट भिंगाकडे पाहिले. मी विचारले, "काढू?" त्या म्हणाल्या, "काढा की." फोटो साधाच आला, पासपोर्टच्या आकाराचा. त्याला कोणी बक्षीस देणार नाही. पण माझ्याकडे असलेल्या फोटोंमध्ये मी तो वर ठेवतो.

तर आपल्या स्पर्धेचे नियम असे. 'सूर्य' या विषयासाठी: कॅमेऱ्याच्या खिडकीतून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचे असेल, तर योग्य सौर फिल्टर भिंगाच्या पुढे लावल्याशिवाय पाहू नये. मोबाइलवर काढणाऱ्यांनी पडद्यावर पाहावे, सूर्याकडे टक लावू नये. 'शेजारी' या विषयासाठी: ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारावे, काढल्यावर दाखवावा, आणि शीर्षकही त्यालाच विचारून द्यावे. तो नको म्हणाला, तर कॅमेरा पिशवीत ठेवून त्याच्याशी दोन शब्द बोलून यावे.

फोटो सणाच्या आदल्या रविवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात आणून द्यावेत. लहान सूर्यही चालेल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू