मूल्यांकन आणि आप्तवचन

नैयायिकांनी यथार्थ ज्ञानाची जी चार साधने मानली, त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे वचन, हेही स्वतंत्र प्रमाण आहे. मात्र असे वचन प्रमाण ठरण्यासाठी वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात घातलेली अट कडक आहे. बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. असा जो, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार सांगतो. बेंगळुरूत व्हेंचर कॅपिटलच्या, म्हणजे बुडण्याची जोखीम पत्करून मालकीतील वाट्यापोटी नव्या कंपनीत घातलेल्या भांडवलाच्या, जोरावर फुगलेल्या आणि कोसळलेल्या स्टार्टअपांकडे या लक्षणाच्या उजेडात पाहिले, तर लोभाच्याही आधी प्रमाणाचाच दोष दिसतो.

कंपनीचे मूल्यांकन ठरते ते असे: एखाद्या गुंतवणूकदाराने 100 कोटी रुपये देऊन 1 टक्का वाटा घेतला, की संपूर्ण कंपनी 10,000 कोटींची म्हणवली जाते, जरी उरलेल्या 99 टक्क्यांना त्या भावाने कोणी गिऱ्हाईक आहे की नाही हे तपासलेलेच नसते. पुढचा गुंतवणूकदार मागच्याच्या नावलौकिकाकडे पाहून अधिक भाव देतो, आणि त्याने भाव दिला यावरून मागच्याचा निर्णय योग्य ठरतो. दोन विधानांनी एकमेकांच्याच आधारावर उभे राहण्याच्या या दोषाला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. शिवाय पुढच्या फेरीत भाव चढला की आधीच्या फंडाच्या वहीतील संपत्तीही वाढते, त्यामुळे जसे आहे तसे सांगण्याची इच्छा ही आप्ताची दुसरी अटही येथे लंगडी पडते.

बायजूज या बेंगळुरूच्या शिक्षण-कंपनीचे मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलरवर पोचले होते. तोपर्यंत तिने व्हाइटहॅट ज्युनियर आणि आकाश या संस्था विकत घेतल्या होत्या, परदेशातून 1.2 अब्ज डॉलरचे कर्ज उचलले होते आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर आपले नाव झळकवले होते. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षाचे हिशेब मात्र सप्टेंबर 2022 मध्ये बाहेर आले आणि त्यांत सुमारे 4,588 कोटींचा तोटा निघाला. हिशेब लांबल्यामुळे जून 2023 मध्ये डेलॉइट ही लेखापरीक्षक संस्था बाजूला झाली, त्याच सुमारास गुंतवणूकदारांच्या तीन प्रतिनिधींनी संचालकपद सोडले, आणि जुलै 2024 मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे 158 कोटींच्या थकबाकीवरून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. प्रोसस या बड्या गुंतवणूकदाराने तोवर आपल्या वाट्याची किंमत शून्य धरली होती. दोनच वर्षांत 22 अब्जांचे शून्य होते, तेव्हा त्या पहिल्या आकड्यामागे साक्षात जाणणारा कोण होता, हे विचारणे भागच आहे.

व्हेंचर कॅपिटलच्या बाजूनेही एक सबळ युक्तिवाद आहे आणि तो नाकारता येत नाही: फंड अनेक कंपन्यांत पैसा विखुरतो, त्यांतील बहुतेक बुडतील हे धरूनच चालतो आणि एखाद्या मोठ्या यशातून सारी भरपाई होईल अशी अपेक्षा ठेवतो, या धाडसाशिवाय कित्येक उपयुक्त शोध कागदावरच राहिले असते. परंतु सरासरीचा हा दिलासा फक्त फंडालाच मिळतो. अभ्यासक्रमासाठी कर्ज काढलेल्या पालकाची कंपनी एकच असते, तेथे नोकरी करणाऱ्या तरुणाचीही एकच, आणि जोखीम वाटून घेण्याचा करार त्यांच्याशी कोणी केलेला नसतो. अभ्यासक्रम गळ्यात मारले जात असल्याच्या बातम्यांवरून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले होते. मूल शिकते आहे की नाही हे घरात रोज पाहणारा पालक वात्स्यायनाच्या कसोटीवर पूर्ण आप्त ठरतो, कारण त्याने ती गोष्ट साक्षात जाणलेली असते आणि ती लपवण्यात त्याचा कोणताही लाभ नसतो. तरीही मूल्यांकनाच्या एकाही फेरीत त्याच्या शब्दाने भाव ठरला नाही.