शेवटचा हात

अपराध कोणाचा, असे आपण विचारतो तेव्हा बहुधा शेवटी हात कोणाचा लागला, एवढेच आपणांस विचारावयाचे असते. भांडे ज्याच्या हातून पडले तो दोषी, भांडण ज्याच्या शब्दाने पेटले तो दोषी. हा न्याय सोपा आहे खरा. पण तो न्याय आहे काय?

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकाचा मॉनिटर बंद पडला. त्याचे बटण भाच्याने नुकतेच दाबले होते. "मामा, मी काही केले नाही," असे तो म्हणाला. मला ती पळवाट वाटली व मी त्यास बरेच बोललो. त्या दिवसापासून तो माझ्या टेबलाकडे फिरकेनासा झाला.

दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी मात्र अशी घाई केली नाही. प्लग काढल्यावरही त्यांनी पटलास लगेच हात लावला नाही. घरातील 230 व्होल्टांचा प्रवाह एकदिश झाला, की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्टांचा दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. तो रोधकातून उतरवून, मीटरने खात्री करून घेऊन मगच ते पुढे सरले. फ्यूज शाबूत होता. विद्युत्पुरवठ्याचे पटल सुटे करून प्लग लावून मोजता 12 व्होल्ट नीट भरले. मॉनिटरचे मुख्य पटल जोडताच दाब खचला. "म्हणजे दोष या मुख्य पटलाचा!" मी उद्गारलो. ते हसले. पुन्हा सर्व बंद करून त्यांनी मुख्य पटल बाजूस काढले व त्याच्या जागी 12 ओहमचा दणकट रोधक जोडला. 12 व्होल्टांस त्यातून 1 अँपिअर वाहतो. एवढा भार त्या पुरवठ्याने सहज पेलावयास हवा होता. दाब पुन्हा खचला. "साहेब, आपला संशय होता ते पटल निर्दोष आहे," ते म्हणाले.

दोष निघाला तो पुरवठ्याच्या बाहेर पडणाऱ्या बाजूस, ॲल्युमिनियमच्या तापणाऱ्या पट्टीलगत बसविलेल्या एका कपॅसिटरमध्ये. त्यातील द्रावण वर्षानुवर्षे सुकत आले होते. तापमान 10 अंशांनी वाढले, की अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. आणि धूळ बसू नये म्हणून मॉनिटरच्या मागील झरोक्यांवर कापड टाकून ठेवण्याची सवय माझी होती. भाचा केवळ निमित्त. त्या कोंडलेल्या उष्णतेत हात माझा होता.

यावर कोणी म्हणेल, की असे मागे मागे गेल्यास कोणीच दोषी उरणार नाही. कपॅसिटर तेथे बसविणाऱ्याचा दोष, त्यास स्वस्तात माल करावयास लावणाऱ्या बाजाराचा दोष, आणि ही साखळी अनंत. आक्षेप खोटा नाही. परंतु ते गृहस्थ अनंतापर्यंत गेले नाहीत. जेथे हात पोचतो आणि काही सुधारता येते तेथे ते थांबले. त्यांनी नवा कपॅसिटर डाख देऊन बसविला व कापड काढून माझ्या हाती दिले. शिक्षा करावयाची असली म्हणजे शेवटचा हात पुरतो. दुरुस्ती करावयाची असली म्हणजे त्याच्या मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर पुष्कळदा आपलाच हात आढळतो. म्हणूनच की काय, आपण त्या वाटेने सहसा जात नाही.

सायंकाळी मी भाच्यास बोलावून चूक माझी होती असे सांगितले. मॉनिटर त्याच दिवशी सुरू झाला होता. भाच्यास पुन्हा त्या टेबलाशी येऊन बसावयास मात्र बरेच दिवस लागले.