भिंतीवरचा उजेड कोणाचा?



परवा एका उपासकाच्या नव्या घरी परित्राणपाठ होता. पाठ संपला, भोजनदान झाले आणि मग पाहुण्यांचे लक्ष समोरच्या भिंतीकडे गेले. तेथे हातभर उंचीचे एक रंगीत काचचित्र लावलेले होते. हिरव्या काचेच्या लहानलहान तुकड्यांचे पिंपळाचे पान, भोवती निळी काच आणि मागे विजेचा दिवा. घरच्या मुलाने बटण दाबले, पान उजळले आणि मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. मग प्रश्न सुरू झाले. केवढ्याला पडले? कोणत्या दुकानातून आणले? वीज किती लागते? यजमानांनी सर्वांना उत्तरे दिली. ‘हे केले कोणी?’ असे मात्र कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही. घरी परतताना ते ध्यानात आले आणि मनाला लागून राहिले.

हा प्रश्न इतरांनी विसरावा, एक वेळ चालेल. पण आपण विसरावा? आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या, मोटा शिवल्या, दोर वळले, वेशी राखल्या. त्या विहिरी पाटलाच्या म्हणून ओळखल्या गेल्या आणि खणणाऱ्याला तिचे पाणी मिळाले नाही. ज्यांच्या घराण्याचा असा अनुभव आहे, त्यांनी तरी वस्तू पाहताच तिच्यामागचा हात शोधला पाहिजे. म्हणून आज या एका काचचित्राच्या निमित्ताने विचार करू.

प्रथम ते कसे होते, ते पाहू. कारागीर कागदावर पूर्ण आकाराचे चित्र काढतो. त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक देतो. त्या मापाने काचेवर कटरच्या बारीक चकतीने ओरखडा ओढतो आणि दोन्ही हातांनी दाब देऊन काच नेमकी त्या रेघेवर तोडतो. कडा घासतो. मग प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळतो, तुकडे जुळवून ठेवतो आणि कथील व शिसे यांच्या मिश्रणाने सांधे झाळतो. काचेतला रंग वरून लावलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा, तर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी तांबडा.

यात शिसे आहे, हे लक्षात ठेवा. शिसे विष आहे. ते बोटांवरून तोंडात जाते, धुळीतून श्वासात जाते आणि रक्त व मज्जातंतू यांना बाधते. लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. ज्या कारागिराला मोकळी हवा नाही, जेवणाआधी हात धुवायला साबण नाही, ज्याचे काम आणि चूल एकाच खोलीत आहे, त्याच्या घरात हे विष हळूहळू उतरते. आपल्या भिंतीवर उजेड यावा म्हणून दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यात अंधार व्हावा काय?

आता एक खरी हकिकत ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी लुई टिफनी (१८४८–१९३३) नावाचे एक मोठे कलावंत आणि कारखानदार होऊन गेले. तांब्याच्या पट्टीने काच जोडण्याची जी रीत वर सांगितली, तिला आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांच्या कारखान्यातील काचेचे दिवे आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. विस्टेरियाच्या वेलाच्या एका दिव्यात काचेचे सुमारे दोन हजार तुकडे आहेत. जवळजवळ शंभर वर्षे लोक समजत राहिले की, हे दिवे टिफनी यांनीच कल्पिले.

त्या कारखान्यात १८९२ पासून काच निवडण्याचा व कापण्याचा स्त्रियांचा एक स्वतंत्र विभाग होता. त्याच्या प्रमुख होत्या क्लारा ड्रिस्कॉल (१८६१–१९४४). त्या ओहायो प्रांतातून आलेल्या होत्या. लग्न झालेल्या स्त्रीला तेथे काम करता येत नसे. क्लाराबाई लग्नासाठी काम सोडून गेल्या, पती वारल्यावर परत आल्या आणि पुढे १९०९ साली दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्यांनी काम कायमचे सोडले. १९०३ साली तर पुरुष कामगारांच्या संघटनेनेच या स्त्रियांच्या कामावर हरकत घेतली होती. म्हणजे दडपणारा नेहमी मालकच असतो असे नाही. स्वतः दबलेला माणूसही आपल्याहून खालच्या पायरीवर कोणीतरी शोधतो. जातीच्या उतरंडीत आपण हे पुरते पाहिले आहे.

क्लाराबाई आपल्या आईला व बहिणींना सविस्तर पत्रे लिहीत. ती पत्रे एकविसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती आली. विस्टेरियाचा दिवा, चतुर किड्यांचा दिवा आणि असे कितीतरी दिवे क्लाराबाईंच्या कल्पनेतून आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या हातांतून निघाले होते, हे त्यांतून सिद्ध झाले. २००७ साली न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेने या स्त्रियांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. क्लाराबाईंच्या मृत्यूनंतर त्रेसष्ट वर्षांनी! त्यांना पगार चांगला होता. १९०४ साली एका वृत्तपत्राने त्यांच्याविषयी लिहिलेही होते. पण विकल्या जाणाऱ्या वस्तूवर नाव कारखान्याचे, आणि जे वस्तूवर असते तेच जग लक्षात ठेवते.

येथे कोणी विचारील, ‘मजुरी दिली की हिशेब संपला. भांडवल मालकाचे, बाजारपेठ मालकाची, मग नाव मालकाचे असले तर बिघडले कोठे?’ याचे उत्तर असे की, मजुरीने वेळ आणि श्रम विकत घेता येतात, सत्य विकत घेता येत नाही. टिफनी यांनी कारखाना उभारला, त्याचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. परंतु दुसऱ्याने केलेले ‘मी केले’ असे जगाला समजू देणे, हे चौथ्या शीलाच्या विरुद्ध आहे. गप्प राहूनही खोटे बोलता येते.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती आपल्यापैकीच कोणी विचारील. ‘तथागतांनी तर अनात्म शिकवले. नावाची हाव ही तृष्णाच ना? मग कारागिराने नाव कशाला मागावे? निनावी राहावे, हेच श्रेष्ठ नव्हे काय?’

बंधूंनो, येथे फार सावध राहिले पाहिजे. आपले नाव आपण सोडणे ही एक गोष्ट, दुसऱ्याचे नाव पुसणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिले दान आहे. दुसरे न दिलेले घेणे आहे, म्हणजे दुसऱ्या शीलाचा भंग आहे. ज्याच्या हातात काही आहे, तोच त्याचा त्याग करू शकतो. ज्याला नाव कधी मिळालेच नाही, त्याला ‘नावाचा मोह सोड’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे होय. असा उपदेश शतकानुशतके आपल्यालाच केला गेला, आणि करणाऱ्यांनी मात्र आपली नावे, गोत्रे, बिरुदे जपून ठेवली.

आणि धम्माची परंपरा याविषयी काय सांगते? सांचीच्या स्तूपाचे दक्षिणेकडील तोरण पाहा. त्यावरचे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले, असे तेथे दगडातच कोरलेले आहे. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. आपल्या महाराष्ट्रात, लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात, चैत्यगृहाच्या दाराशी लेख आहे. ते दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे, असे तो सांगतो. दंतकार, सुतार! अनात्म शिकवणाऱ्या भिक्षुसंघाने ही नावे खोडली नाहीत. आज त्या राजांच्या वंशावळींविषयी पंडित भांडतात, पण सामी सुताराचे दार त्याचेच आहे.

प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थही हाच नव्हे काय? दिवा नसेल तर काच काळीठिक्कर दिसते. काच नसेल तर दिवा नुसता डोळ्यांत जातो. सांधे नसतील तर तुकडे जमिनीवर पडतील. आणि हात नसेल तर यातले काहीच जुळून येणार नाही. ‘मी एकट्याने केले’ असे कोणालाच म्हणता येत नाही. जो हे जाणतो, तो आपला अहंकार कमी करतो आणि इतरांचे ऋण मोकळेपणाने सांगतो. अनात्माचे नाव घेऊन इतरांना पुसून टाकणाऱ्याला अनात्म समजलेलेच नाही.

मग आपण काय करावे? हाताने केलेली वस्तू घेताना करणाऱ्याचे नाव विचारा. त्याच्या मेहनतीचे चार पैसे कापण्यासाठी घासाघीस करू नका. तो कोठे बसून काम करतो, त्याच्या कामाच्या खोलीत हवा येते काय, हेही विचारा. आणि हे बाजारापुरते ठेवू नका. घरातली गोधडी आजीने शिवली असेल, तर पाहुण्यांना सांगा की ही आजीने शिवली. रोजची भाकरी कोणाच्या हातची, हे मुलांना सांगा. ‘कोणी केले?’ असे विचारण्याची सवय ज्या मुलाला लागेल, ते कोणत्याही श्रमाला हलके मानणार नाही.

मी पुढच्या रविवारी त्या उपासकाकडे पुन्हा गेलो आणि राहिलेला प्रश्न विचारला. त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी दुकानात जाऊन चौकशी केली. दुकानदाराला आधी प्रश्नच विचित्र वाटला. ‘माल येतो, आम्ही विकतो,’ एवढेच तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला मात्र त्याने नाव काढून दिले. ते एका बाईचे होते. यजमानांच्या मुलाने काचचित्र भिंतीवरून उतरवले, चौकटीच्या मागे ते नाव शाईने नीट लिहिले आणि चित्र पुन्हा जागेवर टांगले. आता तो बटण दाबतो तेव्हा पाहुण्यांना आधी त्या बाईंचे नाव सांगतो आणि मग किंमत.