अवांतर

माझे आजोळ सांगलीचे. तेथल्या हळदीच्या पेठेत आजोबा एका अडत दुकानी दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी चोपडी पाटावर मांडली जाई, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटे, आणि आम्ही मुले बत्ताशांकडे डोळे लावून बसत असू. एकदा मी विचारले, "आजोबा, वही कधी खोटे बोलत नाही, म्हणूनच तिची पूजा करायची ना?" आजोबा हसून म्हणाले, "खोटे बोलत नाही हे खरे. पण विचारावे तेवढेच सांगते रे ती!"

या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला; आणि तोही क्रिकेटचे जुने धावफलक चाळताना.

विजय हजारे हेही सांगलीचेच. १९१५ साली एका शिक्षकाच्या घरात त्यांचा जन्म झाला. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या काळी संघ धर्मावर पाडलेले असत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर' संघात. हिंदू संघाने पाच गडी गमावून ५८१ धावा केल्या; त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. इतर संघ १३३ धावांत गारद झाला. मग दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! सामना डावाने गेला तो गेलाच. पण तो आकडा राहिला.

त्याच फलकावर आणखी एक आकडा आहे. सहाव्या जोडीने ३०० धावांची भर घातली. जोडीदार होते हजाऱ्यांचे बंधू विवेक, आणि त्यांच्या नावावर धावा २१. तीनशेंच्या भागीदारीत एकवीस! वाचणारा हसतो आणि पान उलटतो. पण हे बंधू लवकर बाद झाले असते तर ३०९ चा आकडा कुठून आला असता? दुसऱ्याला मोठे होऊ देण्यासाठी जो एक टोक धरून उभा राहतो, त्याच्या उभे राहण्याचा रकाना कोणत्या वहीत असतो?

येथे कोणी म्हणेल, मग आकडेच नकोत! मला तसे मुळीच वाटत नाही. आकडे नसते तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच कर्तृत्व मोठे ठरले असते. हजारे अबोल माणूस. त्यांच्या वतीने आकडेच बोलले. दुबळ्याला, अबोलाला, दूरच्या गावाहून आलेल्याला वहीचाच आधार असतो. दोष वहीचा नाही. साक्षीदाराच्या जबानीलाच आपण निकाल समजून बसतो, दोष त्याचा आहे.

चुरशीचा सामना असला म्हणजे ही चूक अधिकच घडते. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी त्याच ब्रेबोर्नवर झाली. भारताला जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या, आणि तोवर आपण एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हजाऱ्यांनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. शेवटी कोल्हापूरचे दत्तू फडकर ३७ धावांवर झुंजत होते. आठ बाद ३५५ झाल्या असताना, षटकातला एक चेंडू अजून शिल्लक असतानाच, पंचांनी खेळ संपवला. सहा धावा कमी पडल्या!

हिशेबात रक्कम कमी पडली की माणूस आधी चोर शोधतो. या सहा धावा कोणी बुडवल्या? लवकर बाद झालेल्यांनी? फडकरांनी? पंचांनी? फलकावरची कोणतीही ओळ धरावी आणि तिला आरोपी करावे! पण तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला इंग्लंडवर डावाने मात करून आपण पहिली कसोटी जिंकली, तेव्हा शतके होती पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची, बारा बळी विनू मंकड यांचे. कर्णधार होते हजारे. त्यांच्या धीराने आणि निर्णयांनी किती धावांची भर पडली, ते तो फलक सांगत नाही.

हे सारे मला पुस्तकातून कळले होते. पटले मात्र आमच्या साताऱ्याच्या मैदानावर. शाळेचा सामना सांगलीच्या मुलांशी होता. शेवटच्या जोडीला एकोणीस धावा हव्या होत्या. आमचा अकरावा खेळाडू, सुताराचा मुलगा, एक टोक धरून उभा राहिला. दुसऱ्याने फटके मारले. आम्ही जिंकलो. मी वही पाहिली, सर्वाधिक धावांच्या मुलाचे नाव बक्षिसासाठी लिहिले. अकराव्याच्या नावापुढे होत्या दोन धावा.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मला वाटले, तक्रार असेल. तो म्हणाला, "सर, वहीत चूक झालीय. त्यातली एक धाव माझी नाही. चेंडू पायाला लागून गेला होता. ती अवांतरात घाला."

मी दोनचा एक केला आणि अवांतर धावांत एकाची भर घातली. वही आता बरोबर झाली होती. ती बरोबर करणाऱ्या मुलाला मात्र त्या बरोबर वहीत आधीपेक्षाही कमी मिळाले होते! बक्षीस कोणाला द्यायचे हे मी वहीला विचारले होते. ते विचारायला हवे होते मी स्वतःला. बक्षीस वाटून झाले होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळी हकीकत सांगितली. तो मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि ज्याला बक्षीस मिळाले होते तोच सर्वांच्या आधी टाळ्या वाजवू लागला.

वर्षानुवर्षे मी मुलांना गुण देत आलो आहे, आणि पुढेही देईन. पण त्या दिवसापासून बेरीज केल्यावर घटकाभर थांबतो आणि स्वतःला विचारतो, या मुलाचे काय मोजायचे राहिले?

घरोघरी आज फराळाची ताटे भरली आहेत. करंज्या कोणी तळल्या ते सर्वांना ठाऊक असते. पहाटे उठून पाणी कोणी तापवले, खरकटी भांडी कोणी घासली, रुसलेल्याची समजूत कोणी काढली, ते सारे अवांतरात जाते. संध्याकाळी वहीची पूजा अवश्य करावी. मात्र त्याआधी घरातल्या त्या माणसाच्या हातावर पहिली करंजी ठेवावी.