बरे झाले, की बरे होत आहेत?

आपल्या मंडळ्यांतून एक चांगली रीत आहे. कोणी बंधू वा भगिनी मोठ्या दुखण्यातून उठून प्रथमच उपासनेला आली, की पाळकसाहेब नाव घेऊन उपकारस्तुतीची प्रार्थना करतात व साक्षीचे दोन शब्द बोलायला सांगतात. ती व्यक्ती म्हणते, "प्रभूने मला पूर्ण बरे केले." सर्वांना आनंद होतो. परंतु सोमवारी सकाळी न्याहारीनंतर तीच व्यक्ती कर्करोगाच्या गोळ्या घेत असते, आणि पुढची तपासणी जवळ आली म्हणून रात्री तिला झोप नसते. मग कोणीतरी सहज विचारतो, "उपकारस्तुती झाली ना? आता गोळ्या कशाला?"

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हा प्रश्न ऐकून रोगी गोळ्यांची पाकिटे उशीखाली लपवू लागतो. म्हणून आपण शांतपणे विचार केला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर औषध घेत राहणे हा अविश्वास आहे काय? भीती वाटणे ही कृतघ्नता आहे काय? आणि 'बरा झालो' असे केव्हा म्हणावे?

पित्तनलिकेच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन आम्ही हा विचार मांडीत आहोत, कारण या दुखण्यात शस्त्रक्रियेनंतरची वाट फार लांब असते. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणी लूमवर, कोणी कापडबाजारात कामाला आहेत. शिवाय नवापूर-नंदुरबारकडची माणसेही ताप्ती लाइनच्या गाडीने उपचारासाठी सुरतेला येतात, कारण मुंबईपेक्षा ती जवळ. अशा घरात हे दुखणे बहुधा काविळीचे रूप घेऊन येते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, पण पुष्कळांचे पोट दुखत नाही. म्हणून आधी झाडपाला होतो, कोणी कावीळ उतरवून देतो, आणि मोलाचे दिवस निघून जातात. शेवटी तपासणीत कळते की नळीत गाठ आहे.

यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते व एका अरुंद नळीने लहान आतड्यात उतरते. त्या नळीत गाठ झाली की पित्त तुंबते. गाठ वरच्या टोकाला असेल तर नळीबरोबर यकृताचाही भाग काढावा लागतो. खालच्या टोकाला असेल तर स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा आरंभीचा भाग व पित्ताशय काढून उरलेले सर्व पुन्हा आतड्याला जोडतात. अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुष्कळांचे दुखणे इतके पुढे गेलेले असते की शस्त्रक्रिया करताच येत नाही. म्हणून ती पार पडली म्हणजे घरच्यांना परीक्षा संपल्यासारखे वाटते.

पण डॉक्टर तसे म्हणत नाहीत. गाठ निघाली तरी डोळ्यांना व यंत्रांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात, आणि हा रोग परत येण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी कॅपेसिटाबीन नावाच्या गोळ्या देतात. त्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर १४ दिवस घ्यायच्या, मग ७ दिवस विश्रांती. अशा ८ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ ६ महिने. ब्रिटनमधील ४४ रुग्णालयांतील ४४७ रोग्यांवर, म्हणजे पित्तनलिका वा पित्ताशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांवर, या औषधाचा अभ्यास झाला व २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. गोळ्या दिलेल्यांपैकी निम्मे रोगी ५१ महिन्यांहून अधिक जगले. न दिलेल्यांत हा आकडा ३६ महिन्यांचा होता. तथापि गणिताच्या कडक कसोटीवर हा फरक निर्विवाद ठरला नाही, हेही त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिले. तरीही यापेक्षा चांगला आधार हाती नव्हता, म्हणून गोळ्यांची प्रथा रूढ झाली.

वाचकहो, याचा अर्थ नीट पाहा. हा रोगी सहा महिने गोळ्या घेतो. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, जुलाब होतात, अन्नावर वासना राहत नाही, दुपारीच अंग गळून जाते. आणि हे सर्व तो जे दिसत नाही त्याच्यासाठी सोसतो, फळाची हमी नसताना सोसतो. याला अविश्वास म्हणावे काय? आम्हाला तर वाटते की विश्वास या शब्दाला शोभणारी हीच गोष्ट आहे. निकाल आधी कळलेला असता तर विश्वासाची गरजच काय होती?

पवित्र शास्त्रही आरोग्य एका फटक्यात येते असे सर्वत्र सांगत नाही. अलीशाने नामानाला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितले. सहाव्या बुडीनंतर तो काठावर चढला असता तर? हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन मिळाले, तरी त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावा लागला. आणि बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने विचारले, तेव्हा त्याने समोरच्याला बरे वाटावे म्हणून 'सर्व दिसते' असे म्हटले नाही. त्याला माणसे अंधूक, झाडांसारखी दिसत होती. तेच त्याने सांगितले. प्रभू त्याला रागावला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले.

हीच गोष्ट सुरत शहर एकदा मोठ्या प्रमाणात शिकले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली. लाखो लोक आगगाड्या व बसगाड्या भरून पळाले, त्यांत आपले खानदेशी कामगारही होते. साथ लवकरच ओसरली. तेवढ्यावर संपले असते तर शहर पुन्हा पूर्वीसारखेच घाण राहिले असते. पण १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव व पालिकेचे सफाई कामगार यांनी कचरा, गटारे, झोपडपट्ट्या यांचे काम दिवसामागून दिवस चालवले. रोज पहाटे झाडलेल्या रस्त्यासाठी कोणी घंटा वाजवत नाही. परंतु खरे आरोग्य त्या झाडूने आणले. गोळीची आठवी फेरी तशीच असते.

येथे कोणी आक्षेप घेईल, "अजून बरा झालो नाही असेच म्हणत राहिलो, तर उपकार मानायचे केव्हा?" आक्षेप योग्य आहे. उत्तर असे, की उपकारस्तुती व निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जेवण पचले, टाके सुकले, चार पावले चालता आली, याबद्दल आजच उपकार मानावेत. उद्याचा निकाल त्यात जोडू नये. जोडला तर काय होते? दीड वर्षाने स्कॅनमध्ये पुन्हा गाठ दिसली, तर ज्याने मंडळीसमोर 'पूर्ण बरा झालो' असे सांगितले त्याला वाटते, माझ्यामुळे देवाची साक्ष खोटी पडली. दुखण्यावर अपराधाचे ओझे चढते. कोणी कुजबुजतो, "विश्वास कमी पडला असेल." हे फार क्रूर आहे, आणि त्याचे मूळ आपल्या घाईत आहे.

धैर्याची मोठी उदाहरणे देतानाही जपून द्यावीत. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि किरणोपचार घेत असताना त्यांनी केंद्रात मंत्रिपद सांभाळले. हे उदाहरण उभारी देते. पण अवयव वेगळा, रोग वेगळा, आणि लूमवर बारा तास उभे राहणाऱ्याचे तळपाय सोललेले असतात. उदाहरणाने हात द्यावा, चाबूक होऊ नये. रोग्याने भ्यावे, रडावे, याचीही त्याला मोकळीक आहे. औषध अगदीच सोसेना तर डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करणे किंवा थांबवणे यातही पाप नाही. लोकलाजेने गुपचूप सोडणे मात्र घातक आहे.

मग मंडळीने काय करावे? पहिल्या रविवारचा हार सोपा असतो. पाचव्या महिन्यातली सोबत कठीण. तपासणीच्या दिवशी नंदुरबारहून पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला सुरत स्टेशनवर कोणी घ्यायला जावे. रिपोर्टांची फाइल धरून रांगेत बसावे. एका वेळी फार जेवण जात नाही, म्हणून थोडे थोडे, मऊ, हलके असे डबे पाठवावेत. "किती वाळलात!" हे शब्द गिळावेत. पत्नीचा रोज बुडत असेल तर त्याची विचारपूस करावी. आणि एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी : अशा रोग्याला थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रार्थना वाटेतही करता येते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे. दहा कुष्ठरोग्यांचा पाठ द्याल तेव्हा नामानाच्या सात बुड्यांचाही द्या. मुले निर्मळपणे विचारतात, "काका बरे झाले का?" त्यांना घाईने 'हो' म्हणू नका, आणि मान खाली घालून गप्पही बसू नका. "काका बरे होत आहेत, आणि या आठवड्यात आपण त्यांना भेटायला जाणार आहोत," असे सांगा. आणि मग खरोखर जा.