संयमाची धूळ

मोटारीच्या अलॉय चाकांवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांवर, जो काळपट-तपकिरी थर बसतो तो रस्त्याच्या धुळीचा फारसा नसतो. ब्रेक पॅड ओतीव लोखंडाच्या डिस्कवर दाबले जाते तेव्हा दोन्ही झिजतात, आणि त्यातून उडालेले तप्त कण चाकावरच्या पारदर्शक लेपाला जाऊन चिकटतात. त्यांना ओलावा लागला की ते गंजतात आणि लेपाला असे धरून बसतात की साबणपाण्याने हलत नाहीत. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येत असल्याने पुढची चाके अधिक माखतात, आणि अकोल्या-अमरावतीच्या वॉशिंग सेंटरवरून लखलखीत होऊन निघालेल्या गाडीच्याही आऱ्यांच्या बेचक्यांत हा थर तसाच राहिलेला दिसतो. ही धूळ गतीतून नव्हे, गती आवरण्यातून जन्मते. म्हणून संयमाला शुद्धीचा मार्ग मानणाऱ्या दर्शनापुढे ती एक खरा प्रश्न ठेवते, तो असा की आवरण्यानेही मळ निर्माण होतो काय.

या प्रश्नाच्या विचाराला लागणारी सामग्री वऱ्हाडातच छापली गेली आहे. कारंजा (लाड) येथील ग्रंथभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते उजेडात आणणारे आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ‘षट्खंडागम’ हा दिगंबर परंपरेचा प्राचीन प्राकृत ग्रंथ वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेसह संपादित केला. शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर बंदिस्त असलेला हा ग्रंथ 1939 पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागला व पुढे 16 भागांत पूर्ण झाला. जीव आणि कर्म यांचा संबंध हा त्याचा गाभा. जैन मते कर्म हा पापपुण्याचा नुसता हिशेब नसून ते पुद्गल, म्हणजे अतिसूक्ष्म जडद्रव्य आहे. मन, वाणी व काया यांच्या हालचालीने, जिला येथे ‘योग’ म्हणतात, ते जीवाकडे ओढले जाते, हा ‘आस्रव’. क्रोध, मान, कपट व लोभ या चार ‘कषायां’मुळे ते चिकटते, हा ‘बंध’. किती आणि कोणत्या जातीचे कर्म यावे हे योगावर ठरते, तर ते किती काळ टिकावे आणि किती तीव्र फळ द्यावे हे कषायांवर. ज्याचे कषाय संपले त्याच्या हालचालीनेही कर्म येते, परंतु ते ठरत नाही, लगेच गळते.

मूळ प्रश्नाचे उत्तर उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सापडते, आणि ते अनेकांना अडचणीचे वाटावे असे आहे. देवगतीचे आयुष्य बांधणाऱ्या कारणांत तेथे ‘सरागसंयम’, म्हणजे आसक्ती शिल्लक असलेला संयम, गणला आहे. देवगती सुखाची असली तरी तो जन्मच, मोक्ष नव्हे. टीकाकारांचा रोख असा की बंध संयमाने घडत नाही, त्यात उरलेल्या आसक्तीने घडतो. ब्रेकच्या बाबतीतही हेच पाहावयास मिळते. शेवटच्या क्षणापर्यंत वेग धरून मग करकचून ब्रेक दाबणाऱ्याचे चाक लवकर काळवंडते, कारण तो सारा वेग पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये उष्णता होऊन खर्ची पडतो. दुरूनच वेगाची हाव सोडून गाडी मंदावू देणाऱ्याचे कमी माखते. उपवासांची संख्या पारण्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ठळक टाइपात छापली जाते तेव्हा ‘मान’ हा कषाय कोठे बसला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि ही खोड जैनांपुरती आहे असेही नाही.

साचलेले कर्म झडणे म्हणजे ‘निर्जरा’. फळ देऊन आपोआप झडते ती सविपाक, आणि तपाने मुदतीआधी झडवली जाते ती अविपाक. चाकावरचा थर काढणारा जाणता कारागीरही घासण्यापासून आरंभ करीत नाही. तो चाक सावलीत निवू देतो, त्यावर अमोनियम थायोग्लायकोलेट असलेले द्रावण फवारतो, आणि लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळे ओघळ उतरू लागेपर्यंत थांबतो; बंध सैल झाल्यावर मऊ ब्रश पुरतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि तापल्या चाकावर हेच द्रावण वाळून स्वतःच डाग होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर धुण्याचे पाणीही क्षारांचे पांढरे ठिपके मागे ठेवते. उतावळेपणाने तीव्र आम्ल वापरणारा मळाबरोबर लेपही खातो; ज्ञानावाचून केलेल्या देहदंडाला जैन ग्रंथ ‘बालतप’ म्हणतात, त्याची जागा येथे आहे.

बाहेरचा मळ काढावाच का, यावर मात्र वऱ्हाडात एकमत नाही. दिगंबर मुनीच्या 28 मूलगुणांत अस्नान हा एक आहे, आणि त्याच्या हातातील मोरपिसांची पिच्छी जीवजंतूंना इजा न होता बाजूला सारण्यासाठी असते. उलट 1876 साली शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आधी खराट्याने गाव झाडले आणि मगच कीर्तन केले. दोघांचाही आक्षेप मळ अंगी मिरवण्याला आहे, एवढेच साम्य पुरेसे मानावे.

खरी अडचण पुढे आहे. काही कर्म ‘निकाचित’, म्हणजे बदलता न येण्याइतके घट्ट, असते. लेप भेदून धातूला पाडलेल्या खड्ड्यावर जसे कोणतेही द्रावण चालत नाही, तसे ते भोगूनच संपवावे लागते, असा सामान्य नियम. परंतु जिनबिंबाच्या, म्हणजे जिनमूर्तीच्या, दर्शनाने निकाचित मिथ्यात्वकर्मही, म्हणजे विपरीत श्रद्धा घडवणारे कर्मही, नष्ट होते, असे ‘धवला’ सांगते. द्रव्य, चिकटपणा आणि झडणे यांचा एवढा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात केवळ पाहण्याला हे सामर्थ्य कसे मिळाले? भक्तीचा येथे शिरकाव झाला असे म्हणावे, तर वीरसेनांसारखा तार्किक ते बेसावधपणे लिहिणार नाही. आणि पाहणाऱ्याच्या श्रद्धेतील पालट हेच खरे कारण मानावे, तर तो पालट इतक्या घट्ट कर्माखाली मुळात घडलाच कसा, हे सांगावे लागते.