आवाज कुणाचा?

१९८५ साली श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि स्टीफन हॉकिंगचं उरलंसुरलं बोलणंही थांबलं. पुढे यंत्रातून येणारा त्यांचा जो आवाज जगाला ठाऊक झाला, तो मुळात एमआयटीतल्या डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. उच्चार अमेरिकी, माणूस इंग्लंडचा. नंतर जास्त सफाईदार आवाज मिळत असतानाही हॉकिंगनी तो सोडला नाही. मला हा विक्षिप्तपणा वाटायचा.

मग कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढलं. आता ते गळ्याला यंत्र टेकवून बोलतात, एकसुरी, भुंग्यासारखं. जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा ‘खरा’ आवाज फोनमध्ये बनवता येतो हे कळल्यावर मी हौसेनं नमुना तयार केला. आई ऐकून रडली. बाबांनी यंत्र गळ्याला लावलं : “हे मी कधी बोललो?”

त्यांचं बरोबर होतं. यंत्र फक्त कंप पुरवतं. त्याचे शब्द करतात बाबांचीच जीभ, ओठ, टाळू. वाक्य अर्ध्यात सोडून समोरच्याकडे बघत राहणं, ‘नाही’वरचा तो झटका, सगळं शाबूत आहे. माझ्या नमुन्यात पोत होता, हे काहीच नव्हतं.

पण आईचं रडणंही मला खोटं ठरवता येत नाही. चाळीस वर्षं ज्या आवाजानं तिला हाक मारली, त्यावर एकट्या बाबांचाच हक्क कसा?

फाइल मी पुसलेली नाही. बाबांना तसं सांगितलेलंही नाही.